देवीच्या मांडवातली कासारीण

मला क्षय असल्याचं निदान झालं तेव्हा मी देवीवर रुसलेच होते. दिवा लावायची, तोही सवयीनं. गोळ्यांसाठी तोंडाला पदर लावून एसटीनं नगर गाठावं लागे. त्या हेलपाट्यांना कंटाळून आमच्या मिरजगावातल्या कित्येकांनी गोळ्या मध्येच सोडल्या. शेवटी आम्ही काही बायकांनी गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना बरोबर घेतलं आणि औषध गावातच मिळावं म्हणून मागणी लावून धरली. नव्वद सालानंतरचा तो काळ. क्षय लोक लपवत, आणि एड्सचं तर नावही घेत नसत.

नवरात्रात जिल्ह्याचे डॉक्टर आमची मागणी ऐकायला आले. देवीपुढचा मांडव माणसांनी गच्च भरला. डॉक्टरांनी सरळच विचारलं, "पेशंट आहेत म्हणता, मग ते आहेत कुठं?" सगळ्यांच्या माना खाली. माझीसुद्धा. आता सगळं इथंच संपतंय असं वाटलं. मनात म्हटलं, आई, मला जमत नाही, तूच काय ते कर.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. श्रीगोंद्याकडची कासारीण, बांगड्या विकायला आलेली. गावात तिला कुणीच ओळखत नव्हतं. टोपली बाजूला सारून ती म्हणाली, "मला क्षय हाय, सायेब. माजा पाठचा भाऊ एड्सनं गेला. दवाखान्यात त्येला कुनी हात लावंना. आमाला औषीद जवळ पायजे."

मी उभी कधी राहिले ते कळलंच नाही. मलाही आहे, म्हणाले. मग सुताराची सून उठली, शाळेतले गुरुजी उठले, मग माणसं उठतच गेली! डॉक्टरही उभे राहिले. येत्या मंगळवारपासून गोळ्या इथंच मिळतील आणि एड्सच्या पेशंटलाही कुणी परत पाठवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. बायकांनी तर तिथंच आरती सुरू केली.

एवढा धीर कुठून आणलात, असं मी कासारणीला नंतर विचारलं. ती लाजून हसली. "माज्या गावात माजं त्वांड उघडत न्हाई, ताई. हितं मला वळखतंय कोन?"

मंगळवारी खरंच गोळ्या आल्या. दवाखान्यासमोर रांग लागली, आणि रांगेत कासारीणही होती. मी गोळी सगळ्यांदेखत गिळली. इतका आनंद झाला, की रडूच फुटलं. तशीच देवळात गेले. मागायला काही सुचेना. माझं बळ संपलं होतं, तिथूनच देवीनं काम हाती घेतलं होतं. हात जोडून मी नुसती बसून राहिले.