बग्गीला कलम लागत नाही

सोलापूरहून सकाळची गाडी धरली तेव्हा पिशवीत भाच्याला लग्नात द्यायची चादर, बहिणीसाठी शेंगाचटणी आणि डोक्यात एकच धास्ती होती: आता चार दिवस भाऊजींचं ऐकून घ्यायचं. माझी बहीण सुलभा पस्तीस वर्षांपूर्वी हैदराबादच्या वकिलांच्या घरात पडली. आजेसासरे वकील, सासरे वकील, नवरा वकील. त्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन्ही बाजू ऐकून घेतात. वाडी आलं, तांडूर आलं, फरशीचे ढीग मागे पडले, आणि दुपारी मी हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनावर उतरले.

जामबागेतल्या घरी माझी ओळख करून देताना भाऊजी म्हणाले, "या आमच्या मेव्हणी. यांचे वडील सोलापुरात वाहतूक व्यवसायात होते."

वाहतूक व्यवसाय! अहो, आमचे अण्णा टांगा हाकायचे. सोलापूर स्टेशन ते चौपाड, एक घोडी, एक टांगा आणि दंडाला नगरपालिकेचा पितळी बिल्ला. आम्ही दोघी बहिणी त्याच टांग्याच्या जिवावर शिकलो. पण या घरात टांगा म्हटलं की भिंतीवरच्या झग्यातल्या पूर्वजांना शिंका येतात, म्हणून सुलभाही गप्प बसायची. मला भयंकर राग आला, पण लग्नघर म्हणून चहाबरोबर गिळला.

दुसऱ्या दिवशी सुलभाबरोबर बेगम बाजारात गेले. सुपारी, खारका, हळकुंडं, पाठीवर पोती घेऊन अंगावर येणारे हमाल आणि "हौ अम्मा, देखो अम्मा" म्हणत सगळं दुकान समोर उलथणारे दुकानदार. एका रिक्षाने माझ्या नव्या चपलेवरून चाक नेलं आणि वर चालक मलाच विचारतो, "कैकू खडे बीच में?" (मध्ये का उभ्या?) एका टपरीवर आम्ही खिचडी-खट्टा (मसुरीची खिचडी आणि तीळ-चिंचेचं आंबट पातळ) खाल्लं. या शहराबद्दल माझं हे एकच चांगलं मत झालं.

खाता खाता सुलभा म्हणाली, "ताई, मला काही नको. अमेयच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात आणि सूनमुख बघायचंय. एवढंच." एकुलता मुलगा. आजारपणातून वाचवलेला. तिचं सगळं आयुष्य त्या एका सकाळकडे डोळे लावून बसलं होतं.

लग्न कुकटपल्लीच्या एका कार्यालयात, मुहूर्त अकरा वीसचा. नवरदेवाने बग्गीतून यावं ही हौस भाऊजींची. टांगा कमीपणाचा, आणि बग्गी खानदानी! चांदीच्या रंगाचा पत्रा, प्लास्टिकची फुलं आणि पुढे एक पांढरी घोडी. तिचे डोळे झोपेने मिटत होते. रात्रभर दुसऱ्या वरातीत राबून ती तशीच इथे आणली होती. हाकणाऱ्याचं नाव यादगिरी. तोही रात्रभर जागा, आणि पहाटे कल्लू (ताडी) ढोसून आलेला. वास दहा पावलांवरून येत होता.

मी भाऊजींना बाजूला घेतलं. "हा माणूस प्यायलाय. घोडीही थकलीय. अण्णा म्हणायचे, पिऊन लगाम धरू नये, घोडं हातातली धुंदी ओळखतं."

"ताई, हळू बोला," भाऊजी इकडेतिकडे बघत म्हणाले. "मुलीकडची माणसं आहेत. इथे टांग्याच्या गोष्टी नकोत."

कार्यालयाच्या अलीकडच्या चौकात अमेय आणि त्याच्या शेजारी सुलभा, दोघं बग्गीत बसले. आम्ही मागून चालत. मेट्रोच्या खांबांखालच्या रस्त्यावर वळणाआधी एका वाहतूक पोलिसाने हात केला. साधा, घामाघूम झालेला माणूस. यादगिरीजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "ये तो फुल है. उतरो नीचे."

झालं! भाऊजींच्या अंगात वारं शिरलं. एवढा प्रेक्षक त्यांना कोर्टात कधी मिळाला नसेल.

"कुठल्या कायद्याने?"

"मोटार वाहन कायदा, साब. पी के गाडी चलाना."

"मोटार!" भाऊजींनी बोट वर केलं. "कायद्याचा शब्द मोटार आहे. इंजिनावर चालणारं वाहन. या घोडीला इंजिन आहे का? असेल तर दाखवा." वऱ्हाडी खो खो हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. "तुमचं ते फुंकायचं यंत्र मोटारवाल्यासाठी. बग्गीला कलम लागत नाही."

पोलीस बिचारा गोंधळला. त्याने साहेबांना फोन लावला, तो लागेना. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी तो म्हणाला, "साब, कानून आप का सही होगा. पन ये पियेला है ना?" आणि बग्गीपाशी जाऊन सुलभाला म्हणाला, "अम्मा, आप उतर जाओ. चल के जाओ, नजदीकच है."

सुलभा उठली. टांगेवाल्याचीच मुलगी ती, वास तिलाही आला होता. तिने एक पाय पायरीवर ठेवला.

"सुलभा, बस," भाऊजी म्हणाले. "तू उतरलीस तर मी हरलो असा अर्थ होईल."

ती बसली. पस्तीस वर्षं बसतच आली होती.

पोलीस बाजूला झाला. बग्गी निघाली, बँडवाल्यांनी जोर केला. वळणावर यादगिरीने डावा लगाम ओढायच्या जागी उजवा ओढला. घोडी दुभाजकावर चढली, चाक वर गेलं आणि बग्गी कलंडली. अमेय लोखंडी दांडी धरून वाचला. सुलभा रस्त्यावर फेकली गेली, उजव्या हातावर. मी घोडीचं तोंड धरून साज सोडला, तिचे गुडघे सोलवटून रक्त येत होतं. यादगिरी जमिनीवर बसून रडत होता. त्याला पाणी पाजलं ते त्याच पोलिसाने.

सुलभाचं मनगट मोडलं होतं, खांद्याचं हाडही. अमेय म्हणाला, लग्न दुपारी करू, आईशिवाय नको. भाऊजी म्हणाले, मुहूर्त टळेल. आणि मुहूर्त साधला हो! माझी बहीण इस्पितळात सुया टोचून घेत असताना तिच्या मुलाच्या डोक्यावर परक्यांनी अक्षता टाकल्या. सून शालूतच धावत आली आणि पलंगाशी बसून रडली, एवढं मात्र तिचं मी कौतुक करते.

दोन दिवसांनी जबानीसाठी आम्ही ठाण्यावर गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी पुस्तक उघडून भाऊजींपुढे ठेवलं. बेदरकारपणे हाकण्याच्या कलमात 'कोणतंही वाहन' असे शब्द आहेत. घोड्याची गाडीही त्यात आली.

"ते मला माहीत आहे," भाऊजी शांतपणे म्हणाले. "पण त्या दिवशी त्याने ते कलम काढलंच नाही. तो मोटार कायदा म्हणाला, मी मोटार कायद्यावर उत्तर दिलं."

धन्य ते शिक्षण! या गृहस्थाने बायकोची जबानी घरूनच टाइप करून आणली होती: चालक नशेत असल्याची आम्हाला कल्पना नव्हती. म्हणजे सगळं यादगिरीच्या डोक्यावर. सुलभाने फक्त डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा.

तिने कागद वाचला आणि बाजूला सारला. "हे खोटं आहे. वास आला होता. ताईने सांगितलं होतं. पोलिसाने उतर म्हटलं, नवऱ्याने बस म्हटलं, मी बसले. असं लिहा." बाईंनी तसंच लिहून घेतलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी परत निघाले. नामपल्लीला पोचवायला दोघंही आले, सुलभा हात गळ्यात बांधून. डब्याच्या खिडकीशी भाऊजींनी आवाज खाली आणला. "ताई, तुमच्या बहिणीला जबानी बदलायला सांगा. मी कायद्याने दोषी नाहीच. माझ्यावर कलमच लागत नाही."

मी काही बोलायच्या आत सुलभाच म्हणाली, "लागत नाही ना? मग भिताय कशाला?"

गाडी हलली. सोलापूरपर्यंत मी त्याचाच विचार करत आले. घोडागाडीला कोणता कायदा लागतो आणि कोणता नाही, हे आता मला पाठ झालंय. त्या गाडीत आपली बायको बसलीय, हे त्या विद्वान माणसाला कळायला तिचा हात मोडावा लागला. आणि कळलं की नाही, ते अजूनही मी सांगू शकत नाही.