काकांची चटणी: टॅम्पिनीस ते सांग्रो नदी

आमची युरोपची ट्रिप एका कावळ्यामुळे ठरली. लोक बर्फाचे फोटो बघून बॅगा भरतात, आमच्याकडे पितृपक्ष कारणी लागला.

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट आहे. सासूबाई गेल्यापासून माझे सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडेच असतात. सगळी हयात जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलेला हा माणूस. सेम्बावांगच्या शिपयार्डात त्यांचं जहाज इतक्यांदा दुरुस्तीला आलं की सिंगापूर आपल्याला आंदण मिळालंय असं त्यांचं मत आहे. सर्वपित्रीला त्यांनी कॉरिडॉरच्या कठड्यावर खीर-वड्याचं पान ठेवलं आणि खणखणीत आवाजात "काव काव" केलं. कावळ्याच्या आधी शेजारची आंटी आली, तिच्या सिंगापुरी इंग्रजीसकट.

"अंकल, बर्ड फीडिंग कॅनॉट लाह! लेटर दे फाइन यू, हाऊ?"

बाबा पान घेऊन आत आले. "कावळ्याला घास घातला तर दंड! मग आमच्या दौलतकाकांनी जेवायचं कुठे?"

माझा नवरा मंदार लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "बाबा, ते तसेही इटलीत आहेत."

"मग इटलीला जाऊ," बाबा म्हणाले आणि वडा खायला बसले.

दौलतकाका म्हणजे बाबांचे थोरले काका. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर साताऱ्याकडून इटलीला गेले आणि सांग्रो नदीच्या लढाईत कामी आले. वय एकवीस. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'इथलं जेवण अळणी आहे. जमल्यास लसणाची चटणी पाठवावी.' त्यांच्या आईने, म्हणजे बाबांच्या आजीने, चटणी कुटली, डब्यात भरली, डबा कापडात शिवला आणि टपालात टाकला. आधी काका गेल्याची तार आली. काही महिन्यांनी पार्सल परत आलं, शिवण जशीच्या तशी. त्या माउलीने ते शेवटपर्यंत उघडलं नाही. पोराला मिळाली नाही ती आपल्याला नको, म्हणून घरात लसणाची चटणी कायमची बंद झाली.

तेव्हापासून बंद म्हणजे बंद. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांनी ही चटणी आयुष्यात चाखलेली नाही. वडापावसुद्धा ते चटणीशिवाय खातात. मी कोल्हापूरची. आमच्याकडे चटणी नसेल तर ताट वाढलं असं कुणी म्हणत नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली. मी ऑफिसात मैत्रिणीच्या डब्यातून चोरून खाते. त्यामुळे बाबा जेव्हा म्हणाले, "माझे पाय चालतायत तोवर काकांची चटणी काकांना पोचवू, मग घरात सुरू," तेव्हा सगळ्यात आधी मी हात वर केला. माझा स्वार्थ होता, लपवत नाही.

मंदारने लगेच एक्सेल उघडलं. नऊ दिवसांत फ्रान्स, बेल्जियम आणि इटली मिळून सात रणांगणं, प्रत्येकाला वेगळा रंग. पहिल्या महायुद्धाचे खंदक पिवळे, नॉर्मंडी निळी. बाबांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या घरचं माणूस एकाच ठिकाणी आहे." सहा रंग उडाले. रणांगणांची सहल आखणाऱ्या वाचकांना माझाही हाच सल्ला: एकच जागा धरा, तिथे निवांत बसा.

व्हिसाची अपॉइंटमेंट दोन महिने आधी घ्या, आणि वडीलधाऱ्यांना काउंटरवर बोलू देऊ नका. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?" मी टूरिझम म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "टु मीट माय अंकल."

तिने काकांचं निमंत्रणपत्र आणि पत्ता मागितला.

"ही इज इन द सिमेट्री," बाबा म्हणाले. "सिन्स द वॉर."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टूरिझम टाइप केलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी चटणी केली. ती काकांचा नैवेद्य, तेव्हा चव बघायची नाही. बाबा ओट्यापाशी पहारा देत उभे होते. सुकं खोबरं भाजताना, लसूण परतताना, मिक्सरचं झाकण उघडताना माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं ते सांगायची सोय नाही. आमची दहा वर्षांची ईरा नाक धरून म्हणाली, "आई, द होल ब्लॉक कॅन स्मेल लाह." डबा तीन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत गेला. हातातल्या बॅगेत घेऊ, असं मी म्हटलं होतं. पावडर बघून सिक्युरिटीवाले अडवतील, असं मंदारचं म्हणणं पडलं.

रोमला आम्ही चौघं उतरलो. मोठी बॅग उतरली नाही.

विमानतळावर फॉर्म भरताना "बॅगेत मौल्यवान काय?" या प्रश्नाशी बाबा बराच वेळ थांबले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "परत तेच," एवढंच म्हणाले. मला मंदारचा इतका राग आला की तिथून पुढे मी त्याच्याशी फक्त रस्त्यापुरतं बोलले.

रस्ता मात्र सुरेख आहे. रोमहून गाडी भाड्याने घ्या (इंटरनॅशनल परमिट लागतं), टोलचा हायवे डोंगर ओलांडून थेट दुसऱ्या समुद्राकडे उतरतो. टोलनाक्यावर मिळालेलं तिकीट जपा. मंदारने ते पाण्याच्या बाटलीखाली जपलं, त्याचा लगदा झाला. गाडी उजवीकडून चालवायची असते आणि ती मी चालवत होते, म्हणून बाबा मागून दर दोन मिनिटांनी "डावीकडे दरी" असं जाहीर करत होते. पेट्रोलपंपावरची कॉफी बोटभर मिळते, उभ्यानेच प्यायची, आणि बसून प्यायलात तर कधी कधी जास्त पैसे लागतात.

सांग्रोपासून वीस मिनिटांवर एका शेतघरात दोन खोल्या घेतल्या होत्या. नोव्हेंबर होता, ऑलिव्हची काढणी चाललेली, झाडांखाली जाळ्या पसरलेल्या. मालकीणबाई आदेलीना, वय बाबांच्या आसपासचं, इंग्रजी माझ्या इटालियनइतकंच. मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. छतापासून तांबड्या सालीच्या लसणाच्या वेण्या आणि वाळक्या लाल मिरच्यांच्या माळा लटकत होत्या.

"बाबा," मी ओरडलेच, "आपण इथेच करू!"

शेंगदाणे गावातल्या बारमध्ये खारवलेले मिळाले, ते ईराने एकेक धुऊन पुसले. खोबऱ्याचा कीस सुपरमार्केटात केकच्या सामानात सापडला. आदेलीनाने दगडी खल काढला आणि बत्ता स्वतःच्या हातात घेतला. पाहुण्यांना कुटू देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. लसूण, मिरची, खोबरं ठेचलं जाऊ लागलं, वास सुटला आणि तिने बोट बुडवून तोंडाकडे नेलं.

"नको!" बाबा असे गरजले की मांजर पळालं.

ती दचकली. बाबांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मोबाइलमधला पलटणीच्या वेषातला काकांचा फोटो दाखवला, चटणीकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेर, नदीच्या दिशेला. आदेलीनाने फोटो नीट पाहिला. बोट अ‍ॅप्रनला पुसलं आणि पुन्हा कुटायला लागली, आता जरा हळू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी आदेलीनाही आमच्याबरोबर आली. स्मशानभूमी टेकडीच्या उतारावर आहे, तिकीट नाही, दाराशी छोट्या कप्प्यात नावांची वही असते. पांढऱ्या थडग्यांच्या रांगा लागतात, आणि ज्यांना अग्नी दिला त्या आपल्याकडच्या सैनिकांची नावं दगडात कोरलेली आहेत. गावाकडच्या यादीसारखी ओळखीची आडनावं इतक्या लांब वाचायला मिळतात. काकांचं नाव बाबांनाच सापडलं. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला.

मग पावावर चटणी वाढली. दगडावर तेल नको, असं तिथल्या माळ्याने खुणेने सांगितलं, म्हणून कुंपणाबाहेर गवतात पान ठेवलं. आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळा येईना.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा उरली. बाबांनी हात जोडले. "काका, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेईन." काही नाही. "धाकट्याशी बोलत नाही मी, त्याला फोन करीन." काही नाही. "सुनेच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवणार नाही." या इच्छेसाठी मी मनापासून कावळ्याची प्रार्थना केली. तरी काही नाही. समोरच्या ऑलिव्हवर एक कावळा होता, पण अंगाने राखाडी, फक्त डोकं आणि पंख काळे.

"हा चालतो का?" बाबांनी विचारलं.

"इथला लोकल आहे, बाबा," मंदार म्हणाला.

शेवटी ईरा पुढे झाली. "काका, आईने टेस्टच नाही केलं. मेबी सॉल्ट नॉट इनफ. यू ट्राय फर्स्ट, देन टेल अस, कॅन?"

राखाडी कावळा खाली उतरला. एक चोच मारली, मान झटकली, गवताला चोच घासली, आणि पुन्हा येऊन सगळा तुकडा घेऊन गेला. आदेलीनाने टाळ्या वाजवल्या. मी आणि मंदार तिथेच गवतात बसून उरलेल्या पावावर तुटून पडलो आणि आमचं भांडण मिटलं. बाबांनी घास हातात घेतला, पण तोंडापर्यंत गेला नाही. "आत्ता नको," म्हणाले. घास परत ठेवून दिला.

टॅम्पिनीसला परतल्यावर सगळं नेहमीसारखं झालं. शाळेला सुट्टी, मला ऑफिस, बाबांना सकाळी हॉकर सेंटरच्या टपरीवरचा चहा. धाकट्या भावाला त्यांनी फोन केला. ड्रायव्हिंगचा नवस मात्र ते विसरले. चटणी आता घरात मोकळी होती, पण त्यांच्या ताटात मी वाढली की ते हळूच बाजूला सारायचे. मला वाटलं, जन्माची सवय, सुटायची नाही.

पाचव्या दिवशी बेल वाजली. हरवलेली मोठी बॅग घेऊन माणूस दारात उभा होता. आत डबा होता, तीन पिशव्यांत, माझ्या गाठी जशाच्या तशा.

बाबा ते बघत राहिले. मी गडबडीने म्हटलं, "राहू दे, बाबा. मी ठेवून देते."

"ठेवायचं नाही," ते म्हणाले. "आजीने ठेवलं होतं."

त्यांनी एकेक गाठ सोडली, झाकण उघडलं, टेबलाशी बसले आणि भाकरी मागितली. पहिल्या घासाला डोळे मिटले. मग बराच वेळ चावत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"सूनबाई," घास गिळून ते म्हणाले, "मीठ विसरलीस."