आबासाहेबांच्या आधी पोचलेली बातमी

आज सकाळपर्यंत हे मी एकदाच तोंडाने बोलले होते, आणि ज्यांच्याशी बोलले त्यांनी ते पुढे कुणालाही सांगितलं नाही. लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसले आहे. खरं म्हणजे थेट चुकीपासूनच सुरुवात करायला हवी. पण आधी आबांबद्दल सांगितलं नाही तर मी काय मोडलं ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून — थोडं आबांबद्दल.

आबा म्हणजे आबासाहेब. सगळं आयुष्य एका मोठ्या पक्षात गेलं, दोनदा आमदार झाले. उज्जैनमधली हिंदी माणसं त्यांना ‘आबासाब’ म्हणतात. माझी आई त्यांच्या घरी पोळ्या करते, मी शाळेत होते तेव्हापासून. आमचं घर नानाखेड्याच्या मागच्या बाजूला. एक खोली, त्यात आम्ही पाच जण आणि टीव्ही. बाबा कपड्यांच्या दुकानात कामाला. आमच्याकडे कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. मी जायचं म्हटलं तेव्हा बसून वाचायचं कुठे, हाच मोठा प्रश्न होता. माईंनी — आबांच्या पत्नीने — आईला कणीक काढून देता देता सांगितलं, “तिला इकडे पाठव गं. वरच्या खोलीत नुसत्या गाद्या पडल्यात. गाद्यांना काय परीक्षा द्यायचीये?”

तीन वर्षं मी त्या खोलीत अभ्यास केला. चारच्या चहाला माई जिन्यातून हाक मारायच्या, आणि माझा कप घरातल्या कपांमध्येच असायचा. हे लिहिताना मला थांबावं लागतं. कारण दुसऱ्या घरांत आईबरोबर गेले की मी ‘पोळीवाल्या बाईंची मुलगी’ असायचे. आबांनी मला तसं कधी म्हटलं नाही. कुणी भेटायला आलं आणि मी समोर असले तर म्हणायचे, “ही आमच्याकडे अभ्यास करते. राज्यशास्त्र. मी कुठे कुठे चुकलो ते हिला सगळं पाठ आहे.” लोक हसायचे. मी वर पळायचे. पण त्या दिवशी अभ्यास चांगला व्हायचा.

आणि कैलासभैया. आबांचे ड्रायव्हर. परीक्षेच्या सकाळी ते मला सेंटरवर सोडायचे. मी मागे बसले की म्हणायचे, “किधर चलना है, मैडम? मीटर चालू कर दूँ?” आबांची खरी बैठक त्या गाडीतच भरायची. घरी लोक असत, फोन असत. गाडीत आबा मोकळे व्हायचे. कुणाला काय बोलायचं, कुणावर भरवसा ठेवायचा, सगळं ते गाडीत मोठ्याने बोलून ठरवायचे आणि कैलासभैया आरशात बघत मत द्यायचे. “आबासाब, ये आदमी ठीक नी है.” आबा चिडायचे, वाद घालायचे, आणि पुष्कळदा त्यांचंच ऐकायचे. इतकी वर्षं ऐकलेलं कैलासभैयांनी बाहेर काढलं नव्हतं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आबांची एक रीत होती. वाईट बातमी ते स्वतः घेऊन जायचे. कुणाचं तिकीट कापलं गेलं, कुणाचं पद गेलं, की त्याला ते दुसऱ्याकडून कळायच्या आत आबा त्याच्या घरी जाऊन बसलेले असायचे. चहा घ्यायचे, शिव्या खायच्या असतील तर त्याही खायचे. म्हणूनच पक्षात त्यांचं फारसं काही उरलं नव्हतं तरी जुने कार्यकर्ते त्यांचेच होते.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी पक्षांतराचं प्रकरण वाचत होते. आबा वर आले, पुस्तक बघितलं आणि म्हणाले, “यात माझंही नाव घाला आता.” मला गंमत वाटली. मग ते गादीच्या कडेवर बसले. म्हणाले, मी जातोय. तिसऱ्या पक्षात. आमच्याकडे दोनच पक्ष धरतात लोक. तिसऱ्यात जाणं म्हणजे घरी बसणंच, असं सगळे म्हणतात. मी विचारलं, का? तर म्हणाले, “मला आता दिवा लावायला बोलावतात. बोलायला नाही बोलवत.”

मग त्यांनी बेत सांगितला. सोमवारपासून एकेका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी जायचं. माझ्याबरोबर चला असं म्हणायचं नाही. फक्त सांगायचं, की मी निघालो, तुम्ही राहा, राग धरू नका. सगळ्यांना सांगून झालं की राजीनामा. “हे माईला माहीत आहे, कैलासला माहीत आहे, आणि आता तुला.”

तिसरी मी. माझ्यासारखीला एवढा मोठा माणूस असं काही सांगतो — हे तुमच्या आयुष्यात कधी झालंय का? माझ्या झालं. आणि मी ते चार दिवससुद्धा जपलं नाही.

कॉलेजच्या कँटीनमध्ये आमच्या वर्गातला एक घोळका बसायचा. चांगल्या घरची मुलं. मी त्यांच्या टेबलाला खुर्ची जोडून बसायचे, बहुतेक ऐकायला. त्यात रिद्धी होती. तिचे मामा आबांच्याच पक्षाच्या जिल्हा कार्यकारिणीत होते. हे मला माहीत होतं — नीट माहीत होतं. शनिवारी बोलणं आबांवर आलं. एक मुलगा म्हणाला, “बुड्ढे को टिकट मिले ना मिले, पड़ा रहेगा वहीं. तीसरी पार्टी में जाके क्या करेगा, भजन?” रिद्धी माझ्याकडे वळली. “तू बता ना. तेरी मम्मी तो खाना बनाती है उनके यहाँ.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आईच्या पोळ्यांमुळे.

“जा रहे हैं,” मी म्हटलं. “सोमवार से घर-घर जाके सबसे मिलेंगे. फिर इस्तीफा.”

“तुझे कैसे पता?”

“मुझे खुद बताया है.”

मी आबांची बाजू घेत होते, असं मी पुढे कितीतरी महिने स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. त्या मुलाने आबांना काहीही म्हटलं असतं तरी मी गप्प बसले असते; नेहमी बसायचेच. मला फक्त त्या टेबलावर पोळ्यांपेक्षा वेगळं काहीतरी व्हायचं होतं. आणि झाले. थोडा वेळ. रिद्धीने समोसा खाली ठेवला, बोटं पुसली आणि फोन उचलला. मी ते पाहिलं. नको लिहूस, म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी तो मेसेज सगळ्या शहरात फिरत होता. पण त्यात निरोप घेण्याचं काही नव्हतं. आबासाब सोमवारपासून घरोघरी जाऊन कार्यकर्ते फोडणार आहेत, असं त्यात होतं. रविवारी सकाळी पक्षाने त्यांना काढून टाकलं. पक्षविरोधी कारवाया, असं कारण दिलं. ज्या माणसाला स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं होतं त्याला दाराबाहेर ढकलल्याची बातमी टीव्हीवर, आमच्या खोलीतल्या टीव्हीवर, आम्ही पाच जणांनी बघितली. आईने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “माई जेवल्या असतील का गं?”

सोमवारी आबा तरीही निघाले. मला टावर चौकात लायब्ररीपाशी उतरायचं होतं, म्हणाले, बस, वाटेतच आहे. वाटेत मदनलालजींचं घर होतं. तरुणपणी दोघांनी मिळून भिंती रंगवल्या होत्या, भाषणांआधी सतरंज्या घातल्या होत्या. आबा उतरले. दार सुनेने उघडलं. ती आत गेली, परत आली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत खाली बघत म्हणाली, “बाबूजी कह रहे हैं, हमने मोबाइल पे पढ़ लिया.”

आबा तसेच उभे राहिले. दार मग हळू लागलं. आपटलं नाही, हळू लागलं.

ते गाडीत येऊन बसले. कैलासभैयांनी गाडी सुरू केली नाही, वाट बघत होते. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “तुला उशीर झाला का गं?”

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही?

पण तुम्हाला वाटत असेल की हीच माझी चूक — तर नाही. मी अजून तिथवर आलेच नाही. तोंडातून निघून गेलं, वय लहान होतं, असं म्हणून कुणी मला सोडूनही देईल. पुढचं तसं नाही. पुढचं मी विचार करून केलं.

त्या आठवड्यात माई स्वयंपाकघरात बसून होत्या. आई पोळ्या लाटत होती, मी भाजी निवडत होते. माई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “घरोघरी जाण्याचं बाहेर कसं कळलं? ते तर घरातल्या आम्हालाच ठाऊक होतं.” माझा संशय त्यांना किंवा आबांना शिवलाही नव्हता. मग जरा थांबून, “कैलास तर नसेल बोलला?” आई लाटणं न थांबवता म्हणाली, “छे, माई. तो नाही बोलायचा.”

एवढ्यावर थांबलं असतं. आईने थांबवलं होतं. आणि मी म्हटलं, “पण ते रोज नानाखेड्याला स्टँडवर बसतात ना, सगळ्या ड्रायव्हरांबरोबर.”

बस. एवढंच वाक्य. त्यात खोटा शब्द एकही नाही. ते बसायचे तिथे, चहा प्यायचे. मी कसलाच आरोप केला नाही. मी फक्त मेथीच्या काड्या मोडत एक खरी गोष्ट सांगितली, आणि माई “हं” म्हणाल्या.

कैलासभैयांना कुणी काही विचारलं नाही. नोकरी गेली नाही. दिवाळीला कपडे मिळाले, मुलीच्या आजारपणात माई दवाखान्यात जाऊन आल्या. आबांच्या घरी कुणाचा अपमान करत नाहीत. फक्त, आबा गाडीत बोलेनासे झाले. फोन आला की म्हणतात, “कैलास, गाडी बाजूला घे.” उतरतात, चार पावलं लांब जातात, रस्त्यात उभं राहून बोलतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, उन्हात. कैलासभैया स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसतात.

नव्या पक्षाचं कार्यालय फ्रीगंजमध्ये एका दुकानावरची खोली आहे. खुर्च्या कमी, माणसं त्याहून कमी. आबा तिथे खूश आहेत. “इथे निदान मला बोलताना मध्येच खाली बसवत नाहीत,” असं म्हणतात. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा त्यांनी तिथल्या सगळ्यांना पेढे वाटले. आणायला कैलासभैयांना पाठवलं होतं. त्यांनी येताना माझ्यासाठी वेगळा एक पेनही आणला. “एम.ए. इसी से लिखना,” म्हणाले. मी पाया पडायला वाकले तर मागे सरले. आमच्यात मुलींना पाया पडू देत नाहीत म्हणाले.

त्याच महिन्यात मी त्यांना सांगितलं. देवास गेटजवळ आबा फोनसाठी उतरले होते. कैलासभैयांनी आपल्या बाजूची काच वर केली. एवढ्या गरमीत. मी विचारलं, काच का? म्हणाले, “बंद रहे तो साब को दूर नी जाना पड़ता.” अगदी सहज म्हणाले. मग मी बोलले. कँटीन, रिद्धी, मेथी, सगळं. हिंदीत बोलले, अडखळत, त्यांच्या मानेकडे बघत.

बाहेर आबांचा फोन चालूच होता. कैलासभैया आरशात न बघता म्हणाले, “साब को मत बताना अभी. तेरी मम्मी का काम है वहाँ.”

आबा परतताना दिसले तशी त्यांनी काच खाली केली आणि दार उघडायला उतरले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. माईंना नाही, आबांना नाही, आणि घरी आईच्या वागण्यावरून दिसत होतं की तिलाही नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्यांचा मान परत मिळाला असता. आणि मी? त्यांनी ‘मत बताना’ म्हटलं, ते मला सोयीचं झालं. त्यांच्या चांगुलपणाच्या आड मी पुन्हा बसून राहिले. वरच्या खोलीत, गाद्यांमध्ये, चारच्या चहाची वाट बघत.

माझ्याकडे जे काही चांगलं आहे ते या तीन माणसांनी आणि माझ्या आईने दिलेलं आहे. वाचायला जागा, घरातल्यासारखा कप, लोकांसमोर माझी ओळख. कृतज्ञ आहे म्हणणं सोपं आहे, आणि ते खरंही आहे. पण ते म्हणत असताना मी एका माणसाकडून काहीतरी काढून घेतलेलं माझ्याकडेच ठेवलं होतं.

आईला मी सकाळी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग पदराला हात पुसून म्हणाली, “चल, मी येते बरोबर.” हे तुमच्या हाती पडेल तेव्हा आबांसमोर मी उभी राहून आलेली असेन. ते काय म्हणतील, आईचं काम राहील का, खोली राहील का, मला माहीत नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

कैलासभैयांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून ते मीच घेते. माझं नाव वैशाली. बातमी मी बाहेर सांगितली. आणि संशय दुसऱ्यावर जावा म्हणून बोलले, तीही मीच.