पाणी न फेकणारी मोटर

वऱ्हाडात मोटर म्हटलं की ती विहिरीवरची. दुसरी कुठली मोटर जगात असते, हे आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. त्यामुळे बाबांच्या डोंग्याला, म्हणजे मासेमारीच्या होडीला, नवी मोटर घ्यायचं निघालं तेव्हा सल्ला द्यायला अख्खं खानदान धावून आलं. ज्यांनी जन्मात डोंग्यात पाय ठेवला नाही, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बाबा मोर्शीकडच्या धरणावर मासे धरतात. डोंगा जुना, फायबरचा, जागोजागी ठिगळं मारलेला. मोटर जिच्यावर कसतात ती मागची फळी तर बाबांनी स्वतःच्या हातानं बसवलेली. जुनी मोटर रॉकेलवर चालायची. आधी रॉकेल मिळेना, मग सुटे भाग मिळेनात, आणि एका दुपारी ती भर पाण्यात बंद पडली ती कायमचीच. बाबांनी समोरचा वारा अंगावर घेत वल्ही मारून डोंगा काठाला आणला. तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. "जराशी लचक भरली," एवढंच ते म्हणायचे आणि विषय बदलायचे.

काठाजवळ आता मासा राहिलेला नाही. पलीकडच्या खोल पाण्यात जाळं टाकायचं तर मोटर हवीच. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आत मोटर आली नाही, तर डोंगा विकायचा आणि आईबाबांनी अकोल्याला दादाकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे दादानं ठरवलं होतं. बाबांना विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

दादाचा फ्लॅट जठारपेठेत आहे. तिथं गेल्यापासून तो शुद्ध बोलतो आणि सकाळी कोमट पाणी पितो. माणूस वाईट नाही, पण आईबाप म्हणजे बदली करून आणायची माणसं असं त्याला वाटतं. बाबांना करमावं म्हणून त्यानं हॉलमध्ये काचेची टाकी आणून ठेवली होती. तिच्यात चार रंगीत मासे सोडलेले, बोटाएवढे. "बाबांना माशांची सवय आहे ना," असं त्यानं मला फोनवर गंभीरपणे सांगितलं. उद्या एखाद्या निवृत्त मास्तराला करमेना, तर हा त्याच्यासमोर खडूचा डबा नेऊन ठेवील.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे मामा, आईचा धाकटा भाऊ. अंजनगाव सुर्जीला त्याची शेती आहे, दोन विहिरी आहेत, आणि मोटर जळण्याचा दांडगा अनुभव आहे. स्वतःची मोटर दरसाल जाळणाऱ्या माणसाला आम्ही मोटर निवडायला सोबत नेलं, यात आमच्या घराण्याचा स्वभाव आला. पोरगी पाहायला जातात तशी आमची वरात गाडीत बसून अमरावतीला निघाली. पुढे दादा आणि मामा, मागे मी, बाबा आणि आई. आईच्या मांडीवर भाकरीचा डबा होता. तिला कशाला घेतलं, असं मामानं दोनदा विचारलं. डबा धरायला, असं तिनंच सांगितलं.

दुकान पंपांचं होतं, पण मालक डोंग्याच्या मोटरीही मागवून ठेवायचा. एक मोठी आणि एक लहान, दोन्ही लोखंडी घोडीवर कसून ठेवलेल्या. खाली पाण्यानं भरलेला ड्रम, मोटर चालवून दाखवायला. मामानं मोठीच्या भोवती एक फेरी मारली, तिच्या डोक्यावर थाप मारली आणि परीक्षा सुरू केली.

"सिंगल फेज हाय का थ्री फेज?"

"पेट्रोलवर आहे, साहेब."

"बरं. पानी किती फेकते?"

"पाणी फेकत नाही. डोंगा ढकलते."

मामानं आमच्याकडे वळून मान हलवली. पाणीच फेकत नाही, मग मोटर कशाची, असा त्याचा चेहरा होता. तरी त्यानं निकाल देऊन टाकला, "भाऊजी, मोठीच घ्या. एचपी जास्त असला की झंझट नाई."

मोठी बटणावर चालू होत होती. बाबांचे डोळे त्या बटणावरून हलेनात. मालकानं डोंग्याचा मोबाइलमधला फोटो पाहिला, मागच्या फळीशी मोठा करून पाहिला आणि सरळ सांगितलं की एवढं वजन आणि वर बॅटरी, ही फळी धरणार नाही. मोटर फळीसकट तळाला जाईल. तुमच्या डोंग्याला ही लहानच, वजनाला हलकी, पण दोरी ओढून चालू करायची. "काका, ओढून पाहा एकदा."

बाबा पुढे झाले. दोरीची मूठ हातात घेतली, आणि सोडली.

"हिचा रंग बरा नाई," ते म्हणाले.

मामा हसला. बाबांनी मग तिच्यात एकेक खोड काढायला सुरुवात केली. बारकी आहे. आवाज बारीक येईल. पंखा पोरांच्या खेळण्यातला दिसतो. आमचे बाबा कधी भाजीतही खोड काढत नाहीत. बायको पाहायला गेले होते तेव्हाही त्यांनी एवढी चौकशी केली नसेल. मला आधी राग आला, एवढ्या लांब यायचं आणि रंगावरून अडायचं म्हणजे काय. मग त्यांचा उजवा हात दिसला. तो त्यांनी पोटाशी धरला होता, आणि डाव्या हातानं ते मोटरीकडे बोट दाखवत होते. त्यांना ती दोरी ओढताच येणार नव्हती, आणि ते मुलासमोर, मेव्हण्यासमोर सांगायचं नव्हतं.

दादाला मात्र हवं तेच मिळालं. "बाबांना पसंत नाही तर जबरदस्ती कशाला? राहू द्या. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं अकोल्याला या." किती समजूतदार आवाज होता त्याचा. बाबा दुकानाच्या दाराकडे पाहत होते.

तेवढ्यात आईनं डबा माझ्या हातात दिला. पदर कमरेला खोचला, बाबांना बाजूला सारलं आणि दोरी ओढली. काही झालं नाही. मामा म्हणाला, "बाई, तुह्यं काम हाय काय थे?" तिनं एक पाय घोडीला टेकवला आणि परत ओढली. मोटर सुरू झाली. ड्रममधलं पाणी उसळून मामाच्या पांढऱ्या पायजाम्यावर गेलं. पाणी किती फेकते, हे त्याला एकदाचं समजलं असावं.

मोटर बंद झाल्यावर मामाला कंठ फुटला. आमच्या लोकांत बाईचं काम मासा काठावर आल्यावर सुरू होतं. तो निवडायचा, टोपल्यात भरायचा, चांदूर बाजारला नेऊन विकायचा. डोंग्याच्या मागच्या टोकाला बाई बसत नाही. "बाईनं डोंगा चालवला तर लोकं काय म्हनतीन?"

"तुह्या विहिरीची मोटर तू चालू करतं," आई म्हणाली, "अन् रातपाळीचं ओलीत कोन करते? तुही बायकोच ना? मंग आता काहून बोंबलून राह्यला?"

दादा म्हणाला, "आई, या वयात तू पाण्यात जाणार?" मग त्याचं शुद्ध मराठी सुटलं. "काही झालं तं मले कोन सांगन?"

आई बाबांकडे पाहत होती. बाबांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "माह्या खांद्यानं होत नाई. वरतं उठतच नाई."

"मले मालूम हाय," आई म्हणाली. "सदरा मीच तं घालून देतो तुमाले. हेच मोटर घ्या."

घेतली. रंगाबद्दल बाबा पुन्हा बोलले नाहीत.

बंदी उठली त्या दिवशी आम्ही सगळे काठावर होतो. मामाही आला होता, काही बिघडलं तर बघायला. आई मागे मोटरीशी बसली, बाबा पुढे जाळ्यापाशी. बसल्या बसल्या त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली, डावीकडं घे, हळू घे, दोरी अशी नको धरू. अजून डोंगा सुटलाही नव्हता. आई ऐकल्यासारखं करत होती आणि स्वतःला हवं तेच करत होती.

तिनं दोरी ओढली, मोटर लागली. शेजारच्या डोंग्यातल्या माणसानं हसत हाक मारली, "काय बावा, घरवाली नेऊन राह्यली काय?"

बाबांचा स्वभाव मला माहीत आहे. अशा एका शब्दावरून ते घरी परत यायचे आणि आठवडाभर बोलायचे नाहीत.

"हाव," बाबा मोठ्यानं म्हणाले, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नेऊन राह्यली. तुही घरवाली येते काय?"