मेंढरांपाशी कोण थांबणार?

फाटकन टाळी वाजवून आमच्या बाई म्हणायच्या, "परत पहिल्यापासून!" प्रार्थनेत सूर चुकला तरी हेच, आणि मी उशिरा येण्याचं कारण सांगू लागलो तरी हेच. दुसऱ्यांदा सांगताना माझी थाप मलाच पटायची नाही. अशा बाई तुमच्याही शाळेत असतील.

आमची बारामतीची शाळा मिशनची, मुलामुलींची एकत्र. सकाळी प्रार्थना येशूची आणि दुपारी डब्यात भाकरी-ठेचा. बाई संगीत शिकवायच्या, पण त्यांचा जीव नाताळच्या नाटकात.

एका वर्षी त्यांना खऱ्या मेंढ्या हव्या झाल्या. पाचवीत कऱ्हाटीच्या एका धनगराची नात होती. तिला मेंढपाळ केलं आणि तिच्या आजोबांना, म्हणजे आबांना, मेंढ्यांसकट तालमीला बोलावलं. पहिल्याच झटक्यात एका मेंढीनं देवदूताचा कागदी पंख खाल्ला. "परत पहिल्यापासून!" बाई म्हणाल्या. देवदूत एका पंखावर उभा राहिला.

बाळ जन्मल्याचा निरोप त्यानं दिला आणि सगळे मेंढपाळ दर्शनाला निघाले. तसे आबा उठले.

"बाई, ह्ये पटत न्हाय. रातच्याला मेंढरं टाकून कोण जातं?"

"आबा, देवाचा निरोप आहे."

"आसंल. लांडग्याला कुठं निरोप हाय? माझी नात असलं काम करायची न्हाय. चल गं."

पोरगी मेंढीच्या गळ्यात पडून रडू लागली. बाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता आबांचं काही खरं नाही.

"परत पहिल्यापासून! बाकीचे जातील, ही मेंढरांपाशी थांबेल."

"म्हंजी मला बाळ दिसायचंच न्हाय?"

"नाही. म्हणून तर सगळ्यात अवघड काम तुझं."

नाटकाच्या दिवशी गर्दी बाळाभोवती, आणि लोकांचे डोळे कोपऱ्यात मेंढीला थोपटणाऱ्या पोरीवर. आबांनी कचकचीत शिट्टी मारली. पाद्रीसाहेब आधी दचकले, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर नाताळात आमचा एक मेंढपाळ मागे थांबतो.

परवा बाई गेल्या. फार चुटपुट लागली. त्यांच्या मातीला सगळ्याच शिक्षकांना जायचं होतं, पण पाचवीच्या वर्गावर कुणीतरी हवं होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली. ती धनगराची पोर आता माझ्यासारखीच आमच्या शाळेत शिकवते. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुमी जावा, सर," ती मला म्हणाली. "पोरांपाशी मी हाय."

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा पाचवीनं बाईंची प्रार्थना सुरू केली होती. मध्येच सूर चुकला. मागून फाटकन टाळी ऐकू आली.