दीड हाताचा समुद्र

आमच्या मामांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण सोलापुरातला एकुलता एक समुद्र त्यांच्या ताब्यात होता. लांबी दीड हात. प्राणिशास्त्राच्या सरांनी कॉलेजच्या सहलीत मालवणहून कॅन भरून खारं पाणी आणि दगडाला चिकटलेलं जिवंत प्रवाळ आणलं, काचेच्या टाकीत ठेवलं आणि प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना म्हणाले, "सांभाळा." मामांनी ते तान्हं मूल ओटीत घ्यावं तसं घेतलं.

मामांचं घर विणकरांचं. तरुणपणी ते सूत रंगवायच्या कारखान्यात होते. नखांच्या कडा अजून निळ्या होत्या. टाकीवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. पाणी पट्टीखाली उतरलं की तांब्याभर साधं पाणी घालत. एकदा मी सगळ्या वर्गासमोर ऐटीत विचारलं, "काय मामा, समुद्रात गोडं पाणी?"

"मीठ उडून जातंय व्हय रे नाटक्या? पानीच उडतंय. जेवडं उडलं तेवडंच घालायचं. बी.एस्सी. करतोस न्हवं तू?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, आणि लक्षात ठेवलं.

रंगाच्या बाबतीत मामा सरांचंही ऐकत नसत. काचपट्टीवरचा डाग गुलाबी की जांभळा, असा वाद निघाला की ती उचलून थेट व्हरांड्यात नेत. "सावलीत रंगाचं नाव घेऊ नये," म्हणत.

उन्हाळा लागला तशी खिडकीतली टाकी तापू लागली. आम्ही सुट्टीवर पळालो. मामांनी एकट्यानं टाकी आतल्या अंधुक उजेडाच्या खोलीत, बाटल्यांतल्या सापांशेजारी नेली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दोन महिने ते भिजतं ठेवलं. प्रवाळ जगलं. पण जूनमध्ये येऊन पाहतो तर त्याचा पोपटी रंग गायब! चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालेलं.

मला आयताच विषय मिळाला. मी टेबलावर चढलो, बाह्या सरसावल्या आणि मामा सुताच्या लडीसारखं प्रवाळ रंगात कसं बुचकळतात, पिळतात, दोरीवर टाकतात, ते हुबेहूब करून दाखवलं. काय रंगला होता तो प्रयोग! शेवटच्या टाळीला दारात सर उभे होते.

"तू पाहिलंस त्यांना रंग घालताना?"

'छे हो सर, गंमत केली,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर चाळीस प्रेक्षक होते, आणि टाळ्या अजून कानात होत्या. मी म्हणालो, "हो सर."

सरांनी मामांना बोलावलं. "मेलं म्हणून रंग दिलात ना?"

मामांनी टाकीकडे पाहिलं. "सर, मी रंग दिला असता तर असला मळकट दिला असता व्हय?"

वर्ग पुन्हा हसला. त्या हशात माणसाचा बचाव बुडाला. दुसऱ्या दिवशी मामांची रवानगी सायकल स्टँडवर झाली आणि टाकी परत खिडकीत आली. सांभाळायला कोण? सत्यवचनी मी!

दोन महिन्यांत प्रवाळ हळूहळू हिरवं होऊ लागलं. सर खूश. "बघ, उतरला की नाही रंग?" पण मी रोज पाहत होतो. खिडकीकडची बाजू पोपटी होत होती, भिंतीकडची तपकिरीच होती. एकाच पाण्यात बुडलेल्या दगडाचा रंग एकाच बाजूनं कसा धुतला जाईल? हा खेळ उजेडाचा होता. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ असतं, उजेड कमी पडला की ते दाटतं आणि रंग गडद होतो, हे पुढे पुस्तकात सापडलं. पण माझ्यापुरता निकाल त्या खिडकीतच लागला होता.

सायकल घ्यायला गेलो तेव्हा मामांना सांगितलं, "मामा, खिडकीकडून हिरवं झालंय. मागून तसंच आहे."

मामांनी क्षणभर डोळे मिटले. "जितं हाय म्हंजे." मग माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "सरांना सांगितलास?"

"सांगतो ना मामा. प्रॅक्टिकलचे गुण सरांच्या हातात आहेत. तेवढं होऊ दे."

"व्हय की. परीक्षा मोटी असती."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांनी रांगेतून माझी सायकल काढली, सीट बाहीनं पुसली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

प्रॅक्टिकल झालं. गुण उत्तम पडले. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी सायकल घरी ठेवून रोज दोन मैल चालत जात होतो.