प्रोटीननं केलेली चहाडी

आमच्या लॅबमध्ये एक निष्कर्ष निघायला वर्ष लागतं, आणि त्याची वाट बघता बघता किस्से साठत जातात. आठ वर्षांत माझ्या नावावर निष्कर्ष दोनच. किस्से मात्र पोतंभर!

काम सांगायला सोपं आहे. मेंदूच्या पेशींत काही प्रोटीनं डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात, तेव्हा तिथला जीन कामाला लागतो. नवीन काही शिकलं की हे बसणं वाढतं. आम्ही ते उंदरांच्या मेंदूत मोजतो.

*

माझ्यासोबत पीएचडी करणाऱ्या सुनीताचे मामा शेंद्र्याला कारखान्यात सुपरवायझर आहेत. एकदा तिनं त्यांना अर्धा तास हे सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी सुपरवायझर जाग्यावर बसल्याबिगर मशीन चालू व्हत नाय, एवढंच ना? हे तर मला दहावी नापास असतानाच ठावं व्हतं!”

*

आता माझा पराक्रम. ट्यूबवर मार्करनं नावं लिहून मी मोठ्या स्वच्छतेनं स्पिरिटचा बोळा फिरवला. बारा ट्यूब, सगळ्या निनावी! तीन आठवड्यांचं काम गेलं.

आमच्या गाइड मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मेंदूवर काम करतोस, कधीमधी वापरतही जा.”

*

उंदरांची देखभाल रऊफचाचांकडे. रोज खुलताबादहून बसनं येतात आणि आधी पिंजऱ्यांना सलाम करतात, मग आम्हाला. ज्या दिवशी मेंदू काढायचे असतील, त्या दिवशी चाचांची तब्येत हमखास बिघडते. वर्षभरानं मॅडमच्या हे लक्षात आलं. तेव्हापासून त्या तारीख ठरली की चाचांच्या रजेवर आधीच सही करून ठेवतात.

*

आणि हा किस्सा सुनीताच्या प्रबंधाचा.

तिचे अर्धे उंदीर रोज भुलभुलैयात दाणे शोधायला शिकत, अर्धे नुसते पिंजऱ्यात बसून. शिकलेल्यांत प्रोटीन डीएनएवर जास्त बसलेलं दिसायला हवं होतं. दिसलं दोन्हींत! बसून राहिलेल्यांत तर जरा जास्तच.

सुनीतानं केमिकल बदललं, पुन्हा केलं. तेच. तिची मुदत संपत आली होती, आणि दोन्ही गटांत फरकच नसेल तर प्रबंधात लिहायला काही उरत नव्हतं. घरातली पहिलीच एवढी शिकणारी. ती कोल्डरूममध्ये जाऊन रडायची, आणि आम्ही बाहेर काही न कळल्यासारखे उभे राहायचो. मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी चाचा टोपी हातात घेऊन मॅडमच्या टेबलापाशी आले. म्हणाले, आपण जेवायला गेलात की मी दुसऱ्यांनाबी भुलभुलैयात सोडतो. पहिल्या दिवसापासून.

“एकाला शाळा आणि एकाला कोंडून ठेवायचं. मला नाय बघवलं, मॅडम.”

चाचांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, पण प्रोटीननं चहाडी केली होती! म्हणजे सुनीताची पद्धत चोख होती, आमची आकडेमोडही चोख होती. ती रडता रडता हसायला लागली.

मॅडमनी मुदत वाढवून आणली. प्रयोग नव्यानं झाला, आता तीन गट: आम्ही शिकवलेले, खरोखर कोंडलेले आणि चाचांचे. कोंडलेल्यांत प्रोटीन जेमतेम बसलेलं. प्रबंध उभा राहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर आलेखावर बोट ठेवून थांबले. तिसरा गट तुमच्या शिकवलेल्या गटाच्याही पुढे कसा, याला प्रशिक्षणाची कोणती पद्धत वापरलीत, असं त्यांनी विचारलं.

सुनीतानं मागं वळून बघितलं. शेवटच्या रांगेत चाचा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ती म्हणाली, “सर, ते यांनाच विचारा.”

चाचा उभे राहिले.

“काय बी नाय केलं, साहेब. दार उघडं ठेवलं.”